टक्! फ्यूज का उडला?

ताईचा दहावीचा गणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. शेवटची उजळणी चालू असतानाच अवकाळी पाऊस आला, वीज कडाडली आणि लाईट गेली!

"घाबरू नकोस, इन्व्हर्टर आहे ना!" म्हणत दादानं बटण दाबलं. टक्! फ्यूज उडाला. डब्यात दोन जादा फ्यूज होते. दादानं एक बसवला, बटण दाबलं. पुन्हा टक्! आता उरला एकच.

दादा वैतागला. "तांब्याची जाड तारच गुंडाळतो. मग बघू, कसा उडतो ते!"

तेवढ्यात मामा आले. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. "थांब!" ते ओरडले. "राखणदार ओरडतोय, तर चोर शोधायचा की राखणदाराचं तोंड बांधायचं?"

दोस्तांनो, मामांचं म्हणणं अगदी खरं आहे. फ्यूजमधली तार मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. प्रवाह वाढला की ती आधी वितळते आणि वाट बंद करते. तिच्या जागी जाड तार घातली, तर वितळते ती वायरवरची प्लॅस्टिकची खोळ. मग आग लागायला कितीसा वेळ?

आई मेणबत्ती घेऊन आली. मामांनी तिलाही लांबच थांबवलं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो चटकन पेट घेतो. म्हणून टॉर्च आणला आणि तपास सुरू झाला.

पहिला संशय बॅटरीच्या वायरींवर. धन आणि ऋण टोकं उलटी जोडली, तर फ्यूज लगेच उडतो. पण लाल वायर धनला, काळी ऋणला. सगळं बरोबर होतं.

दुसरा संशय इन्व्हर्टरच्या पोटावर. मामांनी बटण बंद ठेवलं आणि फ्यूजच्या जागी गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब जोडला. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला. मामा हसले. "आतले कपॅसिटर रिकामे होते, त्यांनी घोटभर वीज प्यायली. पोट भरलं, बल्ब विझला. आत शॉर्ट असता, तर बल्ब पेटलेलाच राहिला असता."

मग चोर कोण? मामा टॉर्च घेऊन घरभर फिरले आणि स्वयंपाकघरात थबकले. घराला रंग दिल्यानंतर फ्रीजची पिन चुकून इन्व्हर्टरच्या बोर्डात बसली होती! त्यानंतर लाईट आजच गेली होती.

"पण फ्रीज तर फक्त १५० वॅटचा. इन्व्हर्टर ३०० वॅटचा आहे ना?" दादानं विचारलं.

"ताई, मांड हिशेब," मामा म्हणाले.

ताईनं वही ओढली. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ३०० ला १२ नं भागलं, आले २५. थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून फ्यूज ४० अँपिअरचा. पण फ्रीजची मोटार थांबलेल्या अवस्थेतून फिरू लागताना पाच-सहापट वीज ओढते. १५० गुणिले ६ म्हणजे ९००. ९०० भागिले १२ म्हणजे ७५ अँपिअर!

"गाडा ढकलताना सगळा जोर सुरुवातीलाच लागतो, तसंच हे," मामा म्हणाले.

फ्रीजची पिन काढली. इतर सगळी बटणं बंद केली. शेवटचा फ्यूज बसवला. दादानं श्वास रोखून बटण दाबलं. टक् झालं नाही! नुसतं 'हूंऽऽ'. मग एक दिवा, मग पंखा, असं एकेक चालू केलं. ताई पुन्हा पुस्तकाकडे वळली.

मित्रांनो, इन्व्हर्टरचं झाकण मात्र कधीही उघडू नका. त्यातून निघणारी २३० व्होल्टची वीज खांबावरून येणाऱ्या विजेइतकीच जीवघेणी असते आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ते काम मोठ्यांचं, जाणकारांचं.

तुमचं काम वेगळं. फ्रीज, मिक्सर, पंखा यांच्यावर लिहिलेले वॅटचे आकडे वहीत उतरवा आणि १२ नं भागा. कोण किती अँपिअर ओढतो, ते लाईट जाण्याआधीच कळेल!