बाणाचे टोक कोणीकडे?

विज्ञानाच्या पुस्तकातील एक साधी अन्नसाखळी आठवा. गवत, नाकतोडा, बेडूक आणि साप. या चार शब्दांच्या मध्ये तीन बाण असतात. बाणाचे टोक नाकतोड्याकडे असले, तर गवतातील ऊर्जा नाकतोड्याला मिळाली, असा त्याचा अर्थ होतो. आता तेच टोक उलट बाजूला काढून पाहा. शब्द तेच राहिले, चित्रही तेच राहिले. पण अर्थ काय झाला? नाकतोड्यातील ऊर्जा गवताला मिळाली, म्हणजे गवतानेच नाकतोडा खाल्ला! एका लहानशा टोकाने सगळे विज्ञान उलटे केले.

बाणाला आपण उर्दूत तीर म्हणतो. मराठीतही तीर हा शब्द बाणाच्या अर्थाने चालतो. पण 'नदीच्या तीरावर' असे वाचाल, तेव्हा तेथे बाण शोधू नका. तेथे तीर म्हणजे काठ. भूमितीत आपण उर्दूत रेषेला खत म्हणतो. मराठीत मात्र खत शेतात घालतात! म्हणून या पाठात आपण बाण आणि रेषा हेच दोन शब्द वापरू.

वहीत आकृती काढताना आपण पट्टी आणि पेन्सिल घेतो. संगणकावर आकृती काढण्यासाठी निरनिराळे कार्यक्रम असतात. त्यांपैकी इंकस्केप या कार्यक्रमाची आज ओळख करून घेऊ. त्याचे काम 2003 मध्ये सुरू झाले. तो विनामूल्य मिळतो आणि कोणालाही वापरता येतो. पडद्यावर त्याची नावे इंग्रजीत दिसतात. येथे ती आपण मराठी लिपीत लिहू.

संगणकावरील चित्रे दोन प्रकारची असतात. छायाचित्र हे लहान लहान रंगीत चौकोनांचे बनलेले असते. ते फार मोठे केले की चौकोन दिसू लागतात आणि चित्र फाटल्यासारखे वाटते. दुसऱ्या प्रकारच्या चित्राला व्हेक्टर चित्र म्हणतात. त्यात चौकोन साठवलेले नसतात. रेषा कोठे सुरू होते, कोठे संपते, किती जाड आहे आणि कोणत्या रंगाची आहे, एवढीच माहिती साठवलेली असते. संगणक ती माहिती वाचतो आणि प्रत्येक वेळी रेषा नव्याने काढतो. म्हणून असे चित्र वहीएवढे करा किंवा भिंतीएवढे करा, रेषा स्वच्छच राहते. इंकस्केपमधील चित्रे याच प्रकारची असतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. वहीत आपण आधी रेषा काढतो आणि मग तिला दोन लहान रेघा जोडून बाण करतो. व्हेक्टर चित्रात बाणाचे टोक वेगळे काढावे लागत नाही. जसा रंग हा रेषेचा गुण, तसेच टोक हाही रेषेचा गुण असतो. रेषा हलवली की टोक तिच्याबरोबर जाते. रेषा फिरवली की टोकही फिरते.

हे गुण बदलावेत कसे? प्रथम पेनचे साधन घ्या. जेथे रेषा सुरू करायची तेथे एकदा क्लिक करा. जेथे संपवायची तेथे क्लिक करून एंटर कळ दाबा. रेषा तयार झाली. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ या तीन कळा एकत्र दाबा. 'फिल अँड स्ट्रोक' नावाची चौकट उघडेल. तिच्यात 'स्ट्रोक स्टाइल' हा भाग निवडा. येथे रेषेची जाडी, तुटकपणा आणि टोके ठरवता येतात.

'मार्कर्स' या शब्दापुढे तीन खिडक्या दिसतील. पहिली रेषेच्या आरंभासाठी, दुसरी मधल्या बिंदूंसाठी आणि तिसरी शेवटासाठी असते. तिसऱ्या खिडकीतून बाणाचे टोक निवडले, की ते रेषेच्या शेवटी बसते. पण शेवट कोणता? तुम्ही ज्या जागी शेवटचा क्लिक केला, तो शेवट. संगणकाला उजवे-डावे ठाऊक नसते. रेषा कोणत्या क्रमाने काढली, एवढेच त्याला ठाऊक असते. बाण उलटा आला, तर रेषा पुसू नका. ती निवडा आणि शिफ्ट व आर या कळा दाबा. रेषेची दिशा उलटते आणि टोक दुसऱ्या बाजूला जाते.

रेषा जाड केली की तिचे टोकही त्याच प्रमाणात मोठे होते. म्हणून एखाद्या आकृतीत टोके फार मोठी वाटली, तर आधी रेषेची जाडी पाहा. 2022 मध्ये आलेल्या 1.2 या आवृत्तीपासून टोकाचे माप वेगळेही ठरवता येते. काही टोके रेषेच्या शेवटापेक्षा थोडी पुढे जातात. बाण एखाद्या वस्तूला फक्त टेकायला हवा असेल, तर रेषा थोडी आखूड करावी.

'डॅशेस' या खिडकीत सलग रेषा, तुटक रेषा आणि टिंबांची रेषा असे प्रकार मिळतात. तुटक रेषेत दोन मापे असतात: रेघेची लांबी आणि मोकळ्या जागेची लांबी. त्याच चौकटीत 'कॅप' म्हणून तीन बटणे आहेत. रेषेचा शेवट सपाट, गोल किंवा चौकोनी ठेवायचा, हे त्यांनी ठरते. गोल किंवा चौकोनी शेवट निवडला, तर प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी थोडा वाढतो आणि मधली मोकळी जागा कमी होते. कधी कधी तुकडे एकमेकांना चिकटतात आणि तुटक रेषा सलग दिसू लागते. असे झाले, तर सपाट शेवट निवडावा.

आता एक आकृती काढू. सपाट आरशावर प्रकाशाचा किरण पडतो आणि परावर्तित होतो, हे तुम्ही शिकला आहात. या आकृतीत तीन प्रकारच्या रेषा लागतात. आरशासाठी 1 मिलिमीटर जाडीची सलग रेषा काढा. किरणांसाठी अर्धा मिलिमीटर जाडीची सलग रेषा घ्या. आरशाला लंब असलेल्या स्तंभिकेसाठी पाव मिलिमीटर जाडीची तुटक रेषा घ्या. रेषा काढताना कंट्रोल कळ दाबून धरली, तर ती 15 अंशांच्या टप्प्यांनीच वळते. त्यामुळे आपाती किरण स्तंभिकेशी 45 अंशांचा कोन करील आणि परावर्तित किरणही तेवढाच कोन करील, असे सहज साधते.

आपाती किरण आरशाकडे येतो, म्हणून तो बाहेरून आरशाकडे काढा. परावर्तित किरण आरशापासून बाहेर काढा. किरणाचा बाण आपण रेषेच्या मध्यभागी दाखवतो. तुम्ही दुसऱ्या खिडकीतून टोक निवडाल, पण काहीच दिसणार नाही! कारण मधले टोक रेषेवरील मधल्या बिंदूवर बसते आणि आपल्या रेषेला केवळ आरंभ आणि शेवट हे दोनच बिंदू आहेत. बिंदूंचे साधन घ्या, दोन्ही बिंदू निवडा आणि वरच्या पट्टीतील अधिक चिन्हाचे बटण दाबा. बरोबर मध्यभागी नवा बिंदू तयार होईल आणि बाण दिसेल.

शेवटी परावर्तित किरण आरशाच्या मागे वाढवा. ही रेषा तुटक ठेवा आणि तिला बाण लावू नका. असे का? कारण आरशाच्या मागे प्रकाश जातच नाही. आपल्या डोळ्यांना मात्र तो तेथून आल्यासारखा वाटतो. सलग रेषा म्हणते, "येथे खरोखर किरण आहे." तुटक रेषा म्हणते, "ही केवळ समजण्यासाठी काढली आहे." येथे सलग रेषा काढली, तर आभासी प्रतिमेचा अर्थच नाहीसा होईल.

आपण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो. त्यामुळे आपली अन्नसाखळी उजवीकडून सुरू होते. मराठी पुस्तकातील साखळी डावीकडून सुरू होते. मराठी आकृती उर्दूत करायची असेल, तर काय कराल? शब्द जागच्या जागी ठेवून फक्त भाषा बदलली, तर गवत डावीकडेच राहील आणि उर्दू वाचणारा सापापासून वाचू लागेल. म्हणून शब्दांचा क्रम बदला आणि मग तिन्ही बाण निवडून शिफ्ट व आर दाबा. शब्दांबरोबर बाणही वळले पाहिजेत.

एच ही कळ दाबली, तर निवडलेले सगळे चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटते. हा उपाय सोपा वाटतो, पण जपून वापरावा. चित्रात शब्द असतील, तर अक्षरेही उलटी होतील. आणि नकाशा तर कधीच उलटवू नये. महाराष्ट्राचा नकाशा असा उलटवला, तर अरबी समुद्र पूर्वेला जाईल आणि मुंबई पूर्वेच्या बाजूला जाऊन बसेल! भाषा उजवीकडून लिहा किंवा डावीकडून, मुंबईचा समुद्र पश्चिमेलाच राहतो. अन्नसाखळी वळवता येते, नकाशा वळवता येत नाही. हा फरक संगणक सांगत नाही. तो आपल्यालाच कळला पाहिजे.

शाळेच्या संगणकावर इंकस्केप नसेल, तरी हे नियम वहीत तितकेच उपयोगी आहेत. एका आकृतीत एका अर्थाची रेषा एकाच प्रकारची ठेवा. बाण काढण्यापूर्वी स्वतःला विचारा, "कोण कोणाकडे जाते?" उत्तर मिळाले, की मगच टोक लावा. आज घरी जलचक्राची आकृती काढा. पाण्याची वाफ वर जाते, पाऊस खाली येतो आणि नदी समुद्राकडे वाहते. आकृतीवर एकही शब्द लिहू नका. ती शेजारच्या मित्राला किंवा मैत्रिणीला दाखवा. फक्त बाण पाहून त्यांना जलचक्र सांगता आले, तर तुमच्या रेषा बोलू लागल्या, असे समजा.