मालकाला न दिसणारी साइट

यवतमाळ जिल्ह्यात न्यूज पोर्टल काढायला आता छापखाना लागत नाही की कागद. १९१८ साली बापूजी अण्यांनी यवतमाळ शहरात ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केलं, तेव्हाची उठाठेव निराळीच असणार. आज डोमेन, स्वस्तातलं होस्टिंग, वर्डप्रेस आणि माझ्यासारखा साइट बनवणारा एवढ्यावर भागतं. मालकांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो, “भाऊ, प्लगिन कोणकोणते टाकसान?” फुकटचे जवळपास ६० हजार प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचे तयार सुटे भाग, वर्डप्रेसच्या भांडारात आहेत. मालकांना वाटतं, जितके जास्त तितकी साइट भारी.

एका पोर्टलच्या संपादकांना पुसदच्या वाचकाचा फोन आला. गुगलवरून बातमी उघडली की भलत्याच औषधांच्या जाहिराती येतात म्हणे. संपादक माझ्यावर उखडले, “माह्या मोबाइलवर तं साइट मस्त दिसून राह्यली! लोकं उगाच काऊन बोंबलते?” ते दिवसभर लॉगिन असायचे, तिथंच मेख होती. त्यांना म्हटलं, लॉगआउट करा, गुगलमध्ये आपल्या पोर्टलचं नाव शोधा आणि तिथून आत या. केलं आणि गप्प झाले. कुणा नातेवाइकाच्या पोरानं पैसे देऊन घ्यायचं स्लायडर प्लगिन ‘नल्ड’ आणून बसवलं होतं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत. आपल्याकडे कापसाचं बिनबिलाचं चोरबीटी बियाणं घेतात तसंच हे. उगवतंही झकास, पण फसलं तर कुठल्या दुकानदाराकडे जाणार?

पण फसवायला नल्डच लागतं असंही नाही. ‘डिस्प्ले विजेट्स’ हे भांडारातलं, साधं, २ लाखांच्या आसपास साइटवर बसलेलं प्लगिन. २०१७ मध्ये ते विकलं गेलं. नव्या मालकानं अपडेटमधूनच आपला कोड आत सारला आणि लोकांच्या साइटवर जाहिरातीची पानं दाखवू लागला. ती पानं लॉगिन केलेल्याला दिसू नयेत, अशी तजवीजही केली होती. वर्डप्रेसनं प्लगिन भांडारातून काढलं, ते पुन्हा आलं, पुन्हा काढलं. असं चालत चालत सप्टेंबरात कायमचं गेलं. ज्यांनी ‘अपडेट करत राहा’ हा सल्ला मन लावून पाळला, त्यांच्याच साइटवर ते आधी पोचलं. तेव्हापासून मी प्लगिनच्या रेटिंगच्या चांदण्या मोजत नाही. शेवटचं अपडेट कधीचं, तक्रारींना कोण उत्तर देतंय आणि लेखकाचं नाव मध्येच बदललंय का, हे आधी पाहतो.

सुरक्षेच्या प्लगिनांचे किस्से वेगळे. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा टाकला की तो आयपी पत्ता बंद करायचा, ही सोय बहुतेकांत असते. एका कार्यालयात सगळे एकाच ब्रॉडबँडवर. विधानसभेच्या मतमोजणीच्या सकाळी एका वार्ताहरानं जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा ठोकला आणि संपादकांसकट अख्खं कार्यालय बाहेर! निकाल येऊन राहिले आणि बातमी टाकायला कुणी आत नाही. मी फोनवरून प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलायला सांगितलं, तेव्हा दार उघडलं. आता असं प्लगिन बसवताना कार्यालयाचा स्थिर आयपी असेल तर तो आधीच सूट यादीत टाकतो.

दुसरा हौशी प्रकार म्हणजे एकावर एक दोन फायरवॉल. स्वस्त होस्टिंगवर दोन्हींची तपासणी एकदम सुरू झाली की साइट आचके देते. वर्डफेन्ससारखं एकच घ्यावं. त्याच्या फुकट आवृत्तीत फायरवॉलचे नवे नियम ३० दिवस उशिरा येतात, हे मात्र गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

सुरक्षेशी संबंध नाही, पण मराठी पोर्टलवाल्यांना हमखास छळणारी गोष्ट म्हणजे दुवा. देवनागरीतलं एक चिन्ह दुव्यात टक्क्यांच्या खुणांसह ९ अक्षरांचं होतं आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची. म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांत मथळा तुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाते ती टक्क्यांची लांबलचक माळ. त्यासाठीही प्लगिन मागतात. मी म्हणतो, दुवा हातानं रोमन अक्षरांत लिहा, दहा सेकंदांचं काम आहे.

पुन्हा सुरक्षेकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’तच भोक निघालं. सुरक्षेसाठीच घेतलेलं, ४० लाखांहून जास्त साइटवरचं प्लगिन! दोन टप्प्यांच्या लॉगिनची सोय चालू ठेवणाऱ्यांच्याच साइटवर परका माणूस पासवर्डाविना अ‍ॅडमिन होऊ शकत होता. वर्डप्रेसनं दुरुस्त आवृत्ती परस्पर ढकलली, तरी मी साइटी उघडून ९.१.२ हा आकडा डोळ्यांनी पाहिला. एका साहेबांनी विचारलं, “मंग काढून टाकाचं काय हे?” नाही काढलं. चूक कळल्यावर थोड्याच दिवसांत दुरुस्त करणारी माणसं त्याच्यामागे होती. त्यांच्याच साइटवर हवामान दाखवणारं एक प्लगिन होतं, कित्येक वर्षांत कुणी हात न लावलेलं. ते काढलं. साहेब अजून विचारतात, यवतमाळचं तापमान कुठं गेलं म्हणून.