मोबाईलचा उपवास आणि वेळेचा मालक

ख्रिस्ती परंपरेत उपवासाचा अर्थ अन्न टाळण्यापुरता कधीच मर्यादित नव्हता. जी गोष्ट मुळात वाईट नाही, पण जिची मनावर हुकमत चालू लागली आहे, ती काही काळ स्वेच्छेने दूर ठेवायची आणि त्यातून मोकळा झालेला वेळ प्रार्थनेला व शेजाऱ्याला द्यायचा, असे त्याचे मूळ स्वरूप आहे. राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या, रविवार वगळून चाळीस दिवस मोजल्या जाणाऱ्या ईस्टरपूर्व प्रायश्चित्तकाळात मांसाहार किंवा गोडधोड सोडण्याचा नेम जुना आहे. त्या यादीत अलीकडे मोबाईलची भर पडली. २००९ साली इटलीतील मोदेना येथील कॅथलिक धर्मप्रांताने या काळातील शुक्रवारी एसएमएस न पाठवण्याचे आवाहन केले, आणि २६ फेब्रुवारी २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी मोबाईलपासून दूर होऊन शुभवर्तमानाशी जोडले जाण्याचा हा काळ आहे, असे सांगितले.

नंदुरबार जिल्ह्यात हा विषय बाहेरून आलेली टूम म्हणून बाजूला सारता येत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात, विशेषतः नवापूर तालुक्यात, मावची व भिल्ल समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती आहेत. पश्चिम खानदेशात काम केलेल्या स्वीडिश अलायन्स मिशनचा वारसा इथल्या कित्येक मंडळ्यांना, म्हणजे एकत्र उपासनेला जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायांना, लाभला आहे. अशा प्रोटेस्टंट मंडळ्यांत चाळीस दिवसांचे बंधन कॅथलिकांइतके काटेकोर नसते, तरी उपास-प्रार्थनेचा प्रघात पक्का आहे. या मंडळ्यांपुढे आलेला प्रश्न रविवारच्या उपासनेतच दिसतो. पवित्र शास्त्राचे जाडजूड पुस्तक आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक यांच्या जागी हातात मोबाईल असतो, पाळकांनी सांगितलेले स्तोत्र बोटाच्या एका स्पर्शात उघडते, आणि त्याच क्षणी पडद्याच्या वरच्या कडेवरून कोणाच्या तरी संदेशाची पट्टी खाली सरकते; वचनावरची नजर त्या पट्टीकडे जाते आणि परत येते तेव्हा वाचन दोन ओव्या पुढे गेलेले असते.

हे मन भरकटणे नवे नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियुस या संन्याशाने त्याचे फार बारीक वर्णन करून ठेवले आहे. भर दुपारी साधूला दिवस संपता संपत नाही असे वाटते, तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, कोठडीबाहेर येऊन सूर्य किती कलला ते बघतो, कोणी सोबती भेटायला येतो आहे का याचा कानोसा घेतो, आणि हातातले काम व बसलेली जागा यांचा त्याला वीट येतो. या अवस्थेला ग्रीक भाषेत ‘अकेदिया’ म्हणतात. आळस आणि अस्वस्थता यांचे ते मिश्रण होय. दर दोन मिनिटांनी मोबाईल उचलून पाहणाऱ्या माणसाची अवस्था याहून वेगळी नाही. फरक इतकाच की वाळवंटातली खिडकी मुकी होती, आणि आजची खिडकी माणसाला हाका मारते. २००६ साली संगणक-रचनाकार अझा रास्किन यांनी पान कधीच संपू न देणारी, बोट सरकवत राहिले की मजकूर येतच राहणारी रचना तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल त्यांनी स्वतःच खेद व्यक्त केला. जिथे पान संपत नाही तिथे थांबण्याची जागा वापरणाऱ्यालाच आखावी लागते. दहा आज्ञांतील शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, ही अशीच आखलेली रेघ आहे: काम उरलेले असतानाही थांबायचे, कारण वेळेचा मालक माणूस नाही. सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी कशाच्याही ताब्यात जाणार नाही, हा पौलाने करिंथच्या मंडळीपुढे मांडलेला विचारही याच मुळाचा आहे.

तरीही ‘इंटरनेट सोडा’ असा सरसकट उपदेश नंदुरबारमध्ये अन्यायाचा ठरेल. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले, आणि आज रेशन, शिष्यवृत्ती व मजुरीचे पैसे यांची वाट ऑनलाइन व्यवहारांतून जाते. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या अनेक पाड्यांत २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली तेव्हा रेंजच नव्हती; ज्यांना नेटवर्क मिळालेच नाही त्यांना ते कमी वापरा असे कोणत्या तोंडाने सांगावे? मावची भाषेतला नवा करारही मोबाईलवर ऐकता येतो, आणि अक्षरओळख नसलेल्या आजीला आपल्या बोलीत वचन ऐकवणारे दुसरे सोपे साधन घरात नसते.

याहून मोठी गोष्ट ऊसतोडीची आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे गुजरातेत ऊस तोडायला जातात आणि गाळप संपेपर्यंत पडावावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवर, राहतात. प्रायश्चित्तकाळ बहुधा याच हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत येतो. तेव्हा कोयता ठेवून झोपडीत परतलेला बाप आणि गावी आजीजवळ राहिलेले लेकरू यांची एकत्र प्रार्थना फोनवरच होऊ शकते. तो फोन बंद करणे हा उपवास नव्हे. उपवास करायचा तो त्यानंतरच्या दोन तासांचा, ज्यांत एकामागून एक रील सरकत राहतात आणि शेजारी बसलेले माणूस दिसेनासे होते.

पवित्र शास्त्रातील यशयाच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाची परीक्षा भुकेल्याशी वाटून घेतलेल्या भाकरीने होते. मोबाईलच्या उपवासालाही तीच कसोटी लावली पाहिजे: वाचलेला तास कोणाच्या वाट्याला गेला? चिंचपाड्याच्या ख्रिस्ती इस्पितळात पडलेल्या शेजाऱ्याची विचारपूस झाली का, पोराच्या पाटीकडे कोणी पाहिले का, हे त्या तासाचे खरे मोजमाप आहे. येशूने उपवासाचा देखावा करू नये असे बजावले, म्हणून ‘चाळीस दिवस फेसबुक बंद’ अशी घोषणा फेसबुकवरच करणे या साधनेला विसंगत आहे.

एकट्याने हा नेम टिकवणे मात्र कठीण असते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. तो धार्मिक नव्हता, पण सारे गाव मिळून थांबले की थांबणे सोपे जाते हे त्याने दाखवले. नवापूरच्या मंडळ्यांना तर एकत्र जमण्याची सवय आधीपासूनच आहे. येत्या प्रायश्चित्तकाळात पाळकांनी आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांनी एवढाच नेम ठरवावा: रोज संध्याकाळी पडावावरच्या घरच्यांना एक फोन, सोबत प्रार्थना, आणि फोन ठेवल्यावर सकाळपर्यंत पडदा बंद.