डीएनएबंधक धातु-जटिले

धातूच्या आयनाभोवती अमोनिया, क्लोराइड यांसारखे रेणू वा आयन (संलग्नी) सहसंबद्ध बंधांनी ठराविक मांडणीत जोडले जाऊन जी संयुगे बनतात, त्यांना जटिल संयुगे किंवा जटिले म्हणतात. यांपैकी जी जटिले कोशिकेतील (पेशीतील) डीएनए या आनुवंशिक द्रव्याला चिकटतात किंवा त्याचे तुकडे करतात, त्यांना डीएनएबंधक धातु-जटिले म्हणतात. कोशिका विभागण्यापूर्वी डीएनएची प्रतिकृती तयार व्हावी लागते. ही क्रिया रोखली, तर झपाट्याने विभागणाऱ्या कर्ककोशिकांची व जंतूंची वाढ थांबविता येते. कर्करोगावरील व जंतुसंसर्गावरील औषधे म्हणून या संयुगांचा अभ्यास होतो तो यामुळेच.

बंधनाचे प्रकार : डीएनएचा रेणू पिळाच्या शिडीसारखा असून त्याच्या बाहेरील फॉस्फेट गटांवर ऋण विद्युत् भार असतो. धन भारित जटिले या गटांकडे आकर्षिली जातात. काही जटिले पिळाच्या खाचांत बसतात. फिनँथ्रोलिनासारखे सपाट संलग्नी असलेली काही जटिले शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये शिरतात. प्लॅटिनमाची जटिले मात्र डीएनएमधील नायट्रोजन अणूंशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतात.

सिसप्लॅटिन : या गटातील सर्वांत महत्त्वाचे संयुग सिसप्लॅटिन हे होय. इटालियन रसायनशास्त्रज्ञ मीकेले पेयरोने यांनी ते १८४४ च्या सुमारास प्रथम तयार केले. त्याची रचना आल्फ्रेड व्हेर्नर यांच्या १८९३ मधील सिद्धांतामुळे उलगडली. प्लॅटिनमाच्या अणूभोवती एकाच प्रतलात दोन अमोनिया रेणू व दोन क्लोराइड आयन असून सारखे संलग्नी शेजारी-शेजारी असतात. ते समोरासमोर असलेला विपक्ष समघटक औषध म्हणून निरुपयोगी ठरला आहे.

औषधी गुणाचा शोध जंतूंवरील प्रयोगातून लागला. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युत् क्षेत्राचा ई. कोलाय जंतूंवरील परिणाम पाहत होते. जंतू विभागण्याचे थांबून नेहमीच्या सु. ३०० पट लांब झाले. याचे कारण विद्युत् क्षेत्र नसून, निष्क्रिय मानलेल्या प्लॅटिनम विद्युत् अग्रांपासून विद्रावात तयार झालेली जटिले होत, असे त्यांनी १९६५ मध्ये दाखविले. १९६९ मध्ये उंदरांतील अर्बुदांवर या संयुगांचा परिणाम सिद्ध झाला व १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनाला औषध म्हणून मान्यता मिळाली.

क्रिया : रक्तात क्लोराइडाचे प्रमाण जास्त असल्याने सिसप्लॅटिन बरेचसे अबाधित राहते. कोशिकेत ते प्रमाण पुष्कळच कमी असते. त्यामुळे तेथे क्लोराइड आयन सुटून त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात व जटिल क्रियाशील बनते. मग प्लॅटिनम मुख्यत्वे डीएनएच्या एकाच धाग्यावरील लगतच्या दोन ग्वानिनांशी जोडला जातो. धागा तेथे वाकतो, प्रतिकृती अडते आणि हानी दुरुस्त न झाल्यास कोशिका मरते.

उपयोग व मर्यादा : वृषणाचा कर्करोग शरीरात पसरलेला असतानाही या औषधाचा समावेश असलेल्या उपचारांनी बहुतेक रुग्ण बरे होऊ शकतात. अंडाशय, फुप्फुस, मूत्राशय तसेच डोके व मान यांच्या कर्करोगांवरही ते वापरतात. परंतु निरोगी कोशिकांचा डीएनएही त्यातून सुटत नाही. वृक्कांना (मूत्रपिंडांना) इजा, तीव्र वांत्या, बहिरेपणा व तंत्रिकांचे विकार हे त्याचे दुष्परिणाम होत. वृक्कांच्या रक्षणासाठी शिरेवाटे भरपूर लवणद्राव देतात. कार्बोप्लॅटिन वृक्कांना कमी अपायकारक आहे, तर ऑक्सॅलिप्लॅटिन बृहदांत्राच्या कर्करोगावर उपयुक्त आहे. काही कर्ककोशिका डीएनएची दुरुस्ती करून किंवा गंधकयुक्त रेणूंनी प्लॅटिनम अडवून औषधाला दाद देईनाशा होतात.

इतर धातू : तांबे व फिनँथ्रोलीन यांचे जटिल क्षपणकारक व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या सान्निध्यात डीएनएचे तुकडे करते, असे १९७९ मध्ये दिसून आले. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी शोधलेले ब्लिओमायसीन हे प्रतिजैव कोशिकेतील लोहाशी जटिल बनवून याच प्रकारे कार्य करते. रुथेनियमाच्या जटिलांचा जंतुरोधक गुण ऑस्ट्रेलियातील फ्रान्सिस ड्वायर यांनी १९५० नंतरच्या दशकात अभ्यासला. मात्र जंतूंवरील परिणाम केवळ डीएनएमुळेच होतो असे नाही. पुष्कळ जटिले जंतूंच्या पटलालाही इजा करतात.

वनस्पतिजन्य संलग्नी : भोर-वेल्हे परिसरासह सह्याद्रीच्या पायथ्याला आढळणाऱ्या चित्रकाच्या (लॅ. प्लंबॅगो झेलॅनिका) मुळात प्लंबॅजीन व मेंदीच्या पानांत लॉसोन ही नॅप्थोक्विनोन वर्गातील संयुगे असतात. त्यांतील लगतचे ऑक्सिजन अणू धातूला चिमट्यासारखे धरतात. पुणे विद्यापीठात सुभाष पाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गातील संयुगांच्या धातु-जटिलांवर संशोधन केले. चित्रकाचे ताजे मूळ ठेचून लावल्यास त्वचेवर फोड येतात; आयुर्वेदातही ते चुन्याच्या निवळीत शुद्ध करूनच वापरण्यास सांगितले आहे. तेव्हा अशा संशोधनावरून मूळ परस्पर औषध म्हणून घेणे धोक्याचे आहे.

परीक्षण : तांबे, निकेल, कोबाल्ट व जस्त यांची जटिले साध्या प्रयोगशाळेतही कमी खर्चात तयार करता येतात. वासराच्या थायमस ग्रंथीतील डीएनए मिसळल्यावर जटिलाच्या प्रकाशशोषणात होणारा बदल मोजून बंधनाची तीव्रता ठरवितात. जंतुरोधासाठी जंतू वाढविलेल्या आगर थाळीत संयुग घालून त्याभोवती जंतुविरहित वर्तुळ किती मोठे पडते, ते पाहतात. या चाचण्यांत यशस्वी झालेले संयुग औषध ठरतेच असे नाही. ते रक्तात टिकले पाहिजे, रोगट कोशिकेत वा जंतूत पोहोचले पाहिजे आणि निरोगी कोशिकांना त्याचा अपाय सोसण्याइतकाच असला पाहिजे. या कसोट्यांसाठी प्राण्यांवरील व नंतर माणसांवरील चाचण्या आवश्यक असतात. रोझेनबर्ग यांच्या निरीक्षणापासून मान्यतेपर्यंत सिसप्लॅटिनालाही तेरा वर्षे लागली, आणि असंख्य जटिले तयार झाली तरी औषधाच्या पदाला पोहोचलेली फारच थोडी आहेत.