स्वयंपाकघरांतील नवीं कपाटें

पनवेलच्या जुन्या घरांत स्वयंपाकाच्या सामानासाठीं निराळें कपाट आणावें लागत नसे. भिंतींतच फडताळ असे, शेजारीं दोन कोनाडे, वर एक फळी, आणि दुधादह्यासाठीं टांगलेलें शिंकें. गृहिणी चुलीपुढें पाटावर बसे व हात लांबवितांच मिठाची बरणी हातीं येई. पुढें उभ्याचा ओटा आला, गॅस आला, बसलेली गृहिणी उभी राहिली. फडताळ मात्र जागच्या जागींच राहिलें. आतां जुन्या घराची डागडुजी निघाली, किंवा २०१६ सालीं महानगरपालिका झालेल्या या शहराच्या नव्या वस्तींत बिऱ्हाड केलें, कीं ओट्याच्या वरखालीं कपाटांची रांग बसविण्याचा विचार आधीं होतो.

रांगेची ही पद्धत रूढ झाली ती युरोपांत. १९२६ सालीं मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंनीं फ्रँकफुर्ट शहरांतील नव्या घरांसाठीं सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें स्वयंपाकघर आंखलें आणि पावलें वांचावींत म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरवून दिली. कल्पना उत्तम, पण तें स्वयंपाकघर एकट्या बाईचें होतें. गणपतींत जेथें चौघीजणी मोदक वळावयास बसतात, तेथें तें जसेंच्या तसें कसें चालावें? शिवाय फ्रँकफुर्टला पनवेलचा पाऊस नाहीं.

येथें खाडी जवळ आणि पाठीशीं माथेरानचा डोंगर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती पाणी पितात. उघडी भिंत पावसाळा सरल्यावर वाळते. तिला कपाटाची पाठ चिकटली, कीं वारा बंद होतो, ओल कोंडते, बुरशी धरते आणि मागाहून वाळवी येते. बाहेरून दार चकचकीतच असतें. डाळीच्या डब्याला कुबट वास येऊं लागतो, तेव्हां घात होऊन चुकलेला असतो. म्हणून सुतारास बोलावण्यापूर्वीं भिंतीची परीक्षा करावी. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीस घट्ट डकवून दोन दिवसांनीं काढावा. भिंतीकडच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतींतूनच येत आहे असें समजावें. नळाची गळती किंवा बाहेरची भेग शोधून बंद करावी आणि काम दिवाळीपलीकडे ढकलावें. भिंत कोरडी असली तरी कपाटाच्या पाठीमागें बोटभर जागा मोकळी ठेवावी.

सागवान परवडल्यास प्रश्नच नाहीं. प्लायवुड घ्यावयाचें तर पापुद्र्यांमधील सरस कोणता, हें विचारावें. आय. एस. ७१० या भारतीय मानकाच्या प्लायवुडाचा तुकडा ७२ तास पाण्यांत उकळून पाहतात. परंतु तेंही कापलेल्या कडेंतून पाणी ओढतें. नळासाठीं पाडलेल्या भोंकाची कड रंगानें किंवा लांबीनें बुजविल्याखेरीज सुतारास पुढें जाऊं देऊं नये. आपल्याकडे स्वयंपाकघर धुवावयाची चाल आहे, म्हणून खालचीं कपाटें चार इंच उंच पायांवर असावींत.

बसवितांना वरचीं कपाटें आधीं, खालचीं नंतर. जमीन मोरीकडे उतरती असते, यासाठीं मापें तिच्यावरून न घेतां पाणसळीनें भिंतीवर आडवी रेघ मारून घ्यावीं. वरच्या कपाटाबाबत चालढकल मुळींच नको. दहा किलोचे सहा डबे म्हणजे साठ किलो, आणि हा भार शेगडीपुढें उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याशीं टांगलेला असतो. स्क्रू नुसत्या गिलाव्यांत किंवा विटांच्या सांध्यांत रुतला, तर तो आज धरतो आणि चार महिन्यांनीं सुटतो. त्याची पकड विटेच्या पोटांत हवी. मातीच्या जुन्या भिंतीचा भरंवसा नसेल, तर टांगतें कपाट न करतां जमिनीवर उभें कपाट करावें.

उंची स्वयंपाक करणाराच्या अंगावरून ठरवावी. कोपर वांकविलें असतां ओटा त्याच्या चार ते सहा इंच खालीं यावा. रोजची फळी टाच न उचलतां हातीं लागावी. सासूबाई ठेंगण्या व सून उंच असल्यास ओटा सुनेच्या मापाचा करून डबे सासूबाईंच्या हाताशीं ठेवावे. यावर घरांत वाद होईल; पण पाठदुखीपेक्षां वाद बरा.

दारें सर्वांत शेवटीं. सागवानी दार पहिल्याच आषाढांत फुगून अडूं लागतें आणि लगेच रंधा मारण्याचा मोह होतो. तो आवरावा, दिवाळीपर्यंत लाकूड आपण होऊन आक्रसतें, आणि रंधा मारलेल्या दाराच्या फटींतून मग झुरळें आंत जातात.