डिकीतला गालिचा उचलून बघा

आमच्या भागात बैल विकत घेण्याची एक रीत आहे. आधी दात बघायचे, मग खूर उचलून बघायचा, पाठीवर आणि खांद्यावर हात फिरवायचा, आणि शेवटी गाडीला जुंपून चार पावलं चालवायचा. शिंगांना लावलेला रंग आणि पाठीवरची झूल यांच्याकडे जाणता गिऱ्हाईक बघतही नाही. जुनी मोटार घेणाऱ्यानेही हेच करावं. ‘सिंगल हँड’, ‘घरची गाडी’, ‘कंडिशन एकदम ओके’ हे शब्द म्हणजे झूल. दात आणि खूर वेगळीकडे असतात.

हा लेख अशाच एका जातीच्या गाडीबद्दल आहे: साठच्या दशकातली अमेरिकन ‘कॉम्पॅक्ट’, तीही भारी इंजिन बसवलेली. नमुना म्हणून १९६८ ची डॉज डार्ट जीटीएस घेऊ. धाराशिवचा माणूस डेट्रॉइटच्या गाडीवर का लिहितो, असं कोणाला वाटेल. पण डॉज हे नाव या भागाला परकं नाही, आणि त्याचं कारण आमच्यापासून सत्तरेक किलोमीटरवर, सोलापुरात आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. भारतात मोटारीचा कारखाना काढायचा हा ध्यास घेऊन ते १९३९ मध्ये अमेरिकेत गेले. क्रायस्लर कंपनीशी करार झाला. युद्धकाळात इंग्रज सरकारने या कामी फारसा हात दिला नाही, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गोचे ट्रकही तिथेच जोडले जात. मुंबईत अमेरिकन गाडी जुळवण्याची सुरुवात मात्र आधीच झाली होती. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. पण तो अमेरिकन कंपनीचा होता. कुर्ल्याचा कारखाना आपल्या माणसाचा होता, आणि मला हा फरक मोठा वाटतो.

  

मग साठच्या दशकातल्या क्रायस्लरच्या छोट्या, चपळ गाड्या कुर्ल्यात का बनल्या नाहीत? त्याचं उत्तर दिल्लीच्या धोरणात आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनाच मोटारींचा धंदा करू द्यायचा, असं ठरलं. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही. प्रीमियरने फियाटचा हात धरला आणि १,०८९ सीसीची फियाट ११०० आणली. हिचंच पुढे पद्मिनी झालं. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्येच गेले होते. त्यानंतर देशात नवी अमेरिकन गाडी दिसे ती बहुधा वकिलातीतल्या साहेबाची. साहेब बदली होऊन गेला की ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जायची, आणि तिथून सिनेमावाल्यांच्या आणि धनिकांच्या दारात जायची.

इकडे दार बंद होत असताना तिकडे अमेरिकेत वेगळंच घडत होतं. परदेशी छोट्या गाड्या, विशेषतः फोक्सवॅगन, खपू लागल्यावर डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी १९६० च्या मॉडेलसाठी एकदमच छोट्या गाड्या काढल्या: शेवरले कॉर्व्हेअर, फोर्ड फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. ‘छोट्या’ हा शब्द मात्र त्यांच्या मापाने घ्यायचा. आपली अॅम्बॅसिडर सुमारे ४.३ मीटर लांब. डार्ट ही अमेरिकनांची ‘कॉम्पॅक्ट’, आणि ती जवळपास पाच मीटर! त्यांची रोजची मोठी गाडी, म्हणजे आपल्याकडे हिंदी सिनेमाने ओळखीची केलेली इम्पाला, साडेपाच मीटरच्या घरात.

सुरुवातीला या गाड्यांना साधं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. क्रायस्लरने ते ३० अंशांत तिरकं बसवलं, म्हणून त्याचं नाव स्लँट सिक्स. ते इतकं दणकट निघालं की आजही जुने मेकॅनिक त्याचं नाव आदराने घेतात. पण तरुण गिऱ्हाइकाला वेग हवा होता. १९६४ मध्ये २७३ घनइंचांचं व्ही-८ आलं, आणि १९६५ मध्ये त्याचीच २३५ अश्वशक्तीची आवृत्ती. १९६८ च्या जीटीएसमध्ये ३४० घनइंचांचं, म्हणजे सुमारे ५.६ लिटरचं इंजिन बसलं. कागदावर २७५ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन साधारण १,४०० किलो. हलक्या अंगात एवढी ताकद घातल्यावर ती पाव मैलाचं अंतर चौदा-पंधरा सेकंदांत कापू लागली. मोठ्या, महागड्या गाड्या मागे पडू लागल्या. ही गाडी श्रीमंताची नव्हती. पगारदार तरुणाला परवडेल अशी ती होती, आणि मला तिच्याबद्दल आपुलकी आहे ती म्हणूनच. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं.

आता दात मोजू. १९६८ पासून क्रायस्लरच्या गाड्यांचा क्रमांक डॅशबोर्डवर, काचेतून बाहेरून वाचता येतो. ३४० च्या जीटीएस हार्डटॉपचा तो ‘एलएस२३पी८बी’ असा सुरू होतो. एल म्हणजे डार्ट, एस म्हणजे स्पेशल, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, पी म्हणजे ३४० चं इंजिन, ८ म्हणजे १९६८ साल आणि बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. यातलं ‘पी’ नसेल तर आत ३४० चं इंजिन घरघरत असलं तरी ते नंतर बसवलेलं आहे, हे नक्की. इंजिनच्या ब्लॉकवरही गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. दोन्ही जुळले तर किंमत एक, न जुळले तर दुसरी. बोनेटखाली डाव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. रंग कोणता, गादी कोणती, हे त्यावर कोरलेलं असतं. विक्रेता ‘मूळ रंग’ म्हणाला की ती पट्टी वाचावी.

मग खूर. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी आणि सांगाडा एकच आहे, त्यामुळे गंज हा इथे फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही. डिकीतला गालिचा उचलून तळ बघा. मागच्या चाकांमागचा पत्रा लोहचुंबकाने तपासा. चुंबक चिकटला नाही तर आत पुट्टी आहे. पुढचं सस्पेन्शन लांब टॉर्शन बारवर असतं. ते बार जिथे अडकवलेले असतात ती आडवी पट्टी खाली झोपून बघा, कारण ती गळाली तर बाकीचा रंगरंगोटीचा खर्च वाया जातो. एक खास खूण सांगतो. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे ठाऊक नसलेल्या पंक्चरवाल्यांनी पाना लावून किती स्टड तोडले असतील! डाव्या बाजूचे मूळ स्टड शाबूत असले तर ती गाडी जाणत्या हातात राहिली आहे, असं मी समजतो.

धाराशिवची हवा पत्र्याला चांगली. बालाघाटाच्या या पठारावर मुंबईसारखा खारा वारा नाही, पाऊस कमी. पण इथलं ऊन रबर, गाद्या आणि डॅशबोर्ड फोडतं. आणि आता एक नवी गोष्ट आली आहे. ज्या उसावर तेरणा नदीकाठची गावं उभी आहेत, त्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. शेतकऱ्याच्या बाजूने मला त्याचा आनंद आहे. पण साठच्या दशकातल्या कार्बोरेटरची गॅस्केटं आणि रबरी नळ्या इथेनॉलसाठी घडलेल्या नव्हत्या. त्या बदलल्याशिवाय अशी गाडी सुरू करू नये.

कायदा या बाबतीत जुनं जपणाऱ्याच्या बाजूने आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नवी नोंदणी वीस हजार रुपयांना, दहा वर्षांसाठी, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. विकताही येते, फक्त परिवहन खात्याला कळवावं लागतं.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी धावत नाही. वालचंदांच्या कुर्ल्यातून निघालेली ती गाडी हजारोंनी होती. तेव्हा ती जपावी असं फार थोड्यांना वाटलं.

माझं सांगणं एवढंच आहे. कुर्ल्याची डॉज, फार्गोचा ट्रक, जुनी जीप किंवा फियाट आपल्या वाड्याच्या पडवीत, शेतातल्या शेडमध्ये उभी असेल, तर भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी तिचं आरसी बुक शोधा. चासी नंबर आणि इंजिन नंबर खडूने घासून वाचा, वहीत उतरवून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. पुन्हा रंग मात्र लगेच देऊ नका.