उत्तरमेरूर येथील महासभेचे दोन ठराव

नगरपालिकेच्या सभेचें इतिवृत्त म्हणजे निव्वळ नीरस कागद, असा आमच्या कित्येक संग्राहक मित्रांचा समज आहे. मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम केलें, अमक्यानें सूचना मांडली, तमक्यानें अनुमोदन दिलें, दिवाबत्तीच्या खर्चास मंजुरी दिली, हिशेबतपासनिसाचा शेरा वाचून दाखविला. यांत जपून ठेवण्यासारखें काय आहे, असें ते विचारतात. सनद, महजर किंवा शिक्क्याचें पत्र हातीं आलें तर तें रुमालांत बांधावें आणि हिशेबाचें बाड रद्दींत द्यावें, ही चाल आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. या समजुतीचा विचार करण्यास एक फार जुना ठराव उपयोगी पडेल असें वाटल्यावरून त्याचा परिचय येथें करून देत आहों. हा ठराव महाराष्ट्रांतला नव्हे, तामिळ देशांतला आहे. तथापि सभेनें आपल्याच कारभाराचे नियम ठरवून ते शिलेवर कोरून ठेवल्याचें इतकें तपशीलवार उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

उत्तरमेरूर हें गांव तामिळनाडूच्या कांचीपुरम् जिल्ह्यांत आहे. लेखांत त्याचें नांव उत्तरमेरु-चतुर्वेदिमंगलम् असें येतें. नांवावरूनच कळतें कीं, हा वेदाध्यायी ब्राह्मणांचा अग्रहार होता. तेथील देवळांवर पल्लव व चोल राजांच्या कालांतील पुष्कळ शिलालेख आहेत. त्यांपैकीं वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतीवरील दोन लेख पहिल्या परांतक चोलाच्या (इ. स. ९०७ ते ९५५) कारकीर्दींतील आहेत. पहिला त्याच्या १२ व्या वर्षांतील, म्हणजे इ. स. ९१९ चा, दुसरा १४ व्या वर्षांतील, म्हणजे इ. स. ९२१ चा. वेंकय्या यांनीं पुरातत्त्व खात्याच्या १९०४-०५ सालच्या वार्षिक अहवालांत हे लेख विद्वानांपुढें मांडले आणि पुढें १९३२ सालीं नीलकंठ शास्त्री यांनीं चोल इतिहासावरील आपल्या निबंधांत त्यांचा सविस्तर ऊहापोह केला.

लेखांची भाषा तामिळ आहे. परंतु संस्कृतज्ञास त्यांत जागोजाग ओळखीचे शब्द भेटतात. ठरावाला तेथें ‘व्यवस्था’ म्हटलें आहे, राजाच्या आज्ञापत्राला ‘श्रीमुख’, सभेच्या लेखकाला ‘मध्यस्थ’. हे शब्द केवळ शोभेसाठीं आलेले नाहींत. आपण जो निर्णय करीत आहों तो शास्त्राच्या व व्यवहाराच्या दृष्टीनें बंधनकारक आहे, हें सभेला त्यांतून सुचवावयाचें आहे.

दुसऱ्या लेखाचा आरंभ पाहिला म्हणजे आजच्या इतिवृत्ताचीं सर्व अंगें त्यांत दिसून येतात. प्रथम मिति: परांतकाच्या १४ व्या वर्षाचा १६ वा दिवस. मग ठराव करणारे कोण तें: ‘आम्ही उत्तरमेरु-चतुर्वेदिमंगलाच्या सभेचे लोक’. मग सभेंत कोण येऊन बसले होते तें: राजाज्ञेनें आलेला श्रीवंगनगरचा सोमाशिपेरुमान् नांवाचा अधिकारी. मग विषय: संवत्सर-मंडळ, उद्यान-मंडळ व तडाग-मंडळ यांचे सभासद या वर्षापासून दरसाल निवडण्याची व्यवस्था. आणि शेवटीं, सभेंत बसलेल्या थोर पुरुषांच्या आज्ञेवरून हा लेख आपण लिहिला, असें मध्यस्थाचें स्वतःच्या नांवानिशीं निवेदन. आमच्याकडील महजरांत ‘हाजिर मजालस’ म्हणून जी यादी येते आणि शेवटीं पाटलाच्या नांगराची वगैरे जी निशाणी येते, तिचें प्रयोजन याहून वेगळें नाहीं. कोण हजर होतें व कोणाच्या साक्षीनें ठरलें हें ज्या कागदावरून कळत नाहीं, त्या कागदाचें वजन अर्धें समजावें.

आतां ठरावाचा मजकूर पाहूं. गांवाचे ३० प्रभाग होते; त्यांस ‘कुडुंबु’ म्हणत. प्रत्येक प्रभागांतील रहिवाशांनीं एकत्र जमून योग्य पुरुषांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहावयाचीं. या पद्धतीचें नांव ‘कुडवोलै’. कुड म्हणजे घडा आणि ओलै म्हणजे ताडपत्र. नांव लिहिलें जाण्यास पात्रता अशी: सारा भरणारी पाव वेलीहून अधिक जमीन असावी, स्वतःच्या जागेवर बांधलेल्या घरांत राहावें, वय ३५ हून अधिक व ७० हून कमी असावें, आणि मंत्रब्राह्मण दुसऱ्यास शिकवितां येण्याइतकें अवगत असावें. (वेली हें जमिनीचें माप असून आधुनिक हिशेबानें तें साडेसहा एकरांच्या आसपास धरतात.) जमीन अष्टमांश वेलीच असली तरी एक वेद व एक भाष्य दुसऱ्यास समजावून सांगण्याची योग्यता असल्यास नांव लिहावें. विद्येनें जमिनीची उणीव भरून निघत असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिवाय तो पुरुष कार्यांत निपुण असावा, त्याच्या ठायीं अर्थशौच व आत्मशौच हीं दोन्ही असावींत आणि मागील तीन वर्षांत तो कोणत्याहि मंडळावर नसावा.

यापुढें अपात्रांची यादी येते. आमच्या मतें संबंध लेखाचें मर्म या यादींत आहे. चोरी करणारा, अगम्यागमनाचा किंवा महापातकाचा दोष लागलेला, साहसी, ग्रामकंटक, गाढवावर बसलेला, खोटा लेख करणारा अशी अनेक नांवें तींत आहेत. परंतु या सर्वांच्या आधीं, अगदीं पहिल्या स्थानीं, जो घातला आहे तो चोर नव्हे, पातकीहि नव्हे. पूर्वीं मंडळावर राहून ज्यानें आपला हिशेब दिला नाहीं तो पहिला अपात्र! आणि तो एकटाच नव्हे. त्याचा बाप, मुलगा, भाऊ, चुलता, मामा, सासरा, मेहुणा, जांवई, बहिणीचा नवरा, भाचा, मावसभाऊ, आतेभाऊ व मामेभाऊ या सर्वांचीं नांवें घड्यांत जाण्यास बंदी केली आहे. हिशेब बुडविणारा स्वतः मागें राहून आपल्या सोयऱ्याला पुढें करतो, हा मनुष्यस्वभाव सभेनें नीट ओळखला होता. एवढी लांब यादी कोणी हौसेनें दगडावर कोरीत नाहीं.

निवडणुकीचा विधीहि असाच सावधपणें बांधलेला आहे. प्रत्येक प्रभागाच्या चिठ्ठ्यांची निराळी जुडी करून तिच्यावर प्रभागाचें नांव लिहावें व त्या जुड्या एका घड्यांत घालाव्या. मग आबालवृद्धांसह महासभा भरवावी. त्या दिवशीं गांवांत असतील तितक्या सर्व पुजाऱ्यांना सभामंडपांत बसवावें. त्यांतील सर्वांत वृद्धानें उभें राहून घडा सर्वांस दिसेल असा वर धरावा. आंत काय आहे हें ज्यास ठाऊक नाहीं अशा जवळच्या लहान मुलानें एक जुडी काढावी. ती दुसऱ्या घड्यांत सोडून हालवावी आणि तींतून एक चिठ्ठी काढून मध्यस्थाच्या हातीं द्यावी. मध्यस्थानें ती पांचहि बोटें पसरून उघड्या तळहातावर घ्यावी, नांव वाचावें. आणि तेंच नांव मंडपांतील सर्व पुजाऱ्यांनींहि वाचावें. त्यानंतरच तें लिहून मान्य करावें. बोटें पसरण्याचा नियम कशाकरितां, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. मुठींत दुसरी चिठ्ठी लपविण्याचा प्रसंग कधीं तरी आला असावा, किंवा तो येईल अशी भीति असावी.

याप्रमाणें ३० पुरुष निवडले जात. पूर्वीं उद्यान व तडाग मंडळांवर राहिलेले, विद्येनें व वयानें वडील अशा १२ जणांचें संवत्सर-मंडळ होई. उरलेल्यांपैकीं १२ जणांचें उद्यान-मंडळ आणि ६ जणांचें तडाग-मंडळ. मुदत पुरी ३६० दिवसांची. मध्यंतरीं कोणाचा अपराध उघडकीस आला तर त्यास तत्काळ दूर करावयाचें. सुवर्ण-मंडळ व पंचवार-मंडळ यांसाठीं चिठ्ठ्यांची निराळी सोडत असे व एकदां ज्या प्रभागांस जागा मिळाली ते पुढील वर्षीं वगळले जात. हिशेब लिहिणाऱ्यासहि मोकळीक नव्हती. त्यानें आपला हिशेब मोठ्या मंडळापुढें ठेवून ‘शुद्ध’ ठरल्यावांचून त्यास तें काम पुन्हां मिळत नसे. आणि स्वतः लिहिलेला हिशेब स्वतःच द्यावा, दुसऱ्या लेखकानें येऊन तो मिटवूं नये, असाहि निर्बंध होता.

येथें एक प्रश्न उद्भवतो. इ. स. ९१९ मध्यें याच विषयावर ठराव झालेला असतां, दोन वर्षांत दुसरा कां करावा लागला? दोन्ही लेख शेजारीं ठेवून वाचले असतां उत्तर सुचतें. पहिल्यांत वयाची मर्यादा ३० ते ६० होती. ती दुसऱ्यांत ३५ ते ७० झाली. अपात्रतेचीं कलमें दुसऱ्यांत अधिक विस्तारलीं आणि विधि अधिक बारकाईनें सांगितला. म्हणजे पहिला ठराव व्यवहारांत उतरतांना कांहीं अडचणी आल्या व सभेनें राजाच्या अनुज्ञेनें आपलीच व्यवस्था सुधारून घेतली, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. सभेची योग्यता पहिल्या ठरावापेक्षां दुसऱ्यावरून अधिक कळते, असें आम्हांस वाटतें.

या लेखांवरून प्राचीन भारतांत आजच्यासारखी लोकशाही होती, असें प्रतिपादन करण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्या मोहापासून संशोधकानें दूर राहावें. घड्यांत नांव जावयाचें तें जमीन व वेदविद्या असलेल्या पुरुषाचें. स्त्रियांचें नाहीं, त्या जमिनीवर राबणाऱ्याचें नाहीं. राजाचा अधिकारी सभेंत बसलेला आहे व व्यवस्था श्रीमुखाला अनुसरून झाली आहे. हें सर्व मान्य करूनहि जें शिल्लक राहतें तें थोडें नाहीं. सार्वजनिक द्रव्य ज्याच्या हातून गेलें त्यानें चारचौघांत त्याचा हिशेब द्यावा, आणि न देणाऱ्यास पुन्हां अधिकार मिळूं नये, हें तत्त्व त्या सभेनें अकराशें वर्षांपूर्वीं स्पष्ट शब्दांत मांडलें. आमच्या गोतसभांचे महजर बहुशः वतनाच्या तंट्याचे निवाडे आहेत. झालेल्या गोष्टीचा न्याय ते करतात. उत्तरमेरूरची व्यवस्था पुढें व्हावयाच्या कारभारास नियम घालून देते. दोहोंतील हा भेद लक्षांत घेऊनच त्यांची तुलना करावी.

परंतु आम्हांस खरी हळहळ निराळ्याच गोष्टीची वाटते. चंद्रसूर्य असेपर्यंत चालावा म्हणून हा नियम शिलेवर कोरला गेला, तो टिकला. त्या नियमाप्रमाणें दरसाल जे हिशेब सभेपुढें वाचले गेले असतील, ते मात्र आज हातीं नाहींत. तळ्यांतील गाळ काढण्यास किती खर्च आला, कोणाचा हिशेब शुद्ध ठरला, कोणाच्या जांवयाचें नांव घड्यांतून परत काढलें, हें सांगणारीं पानें नाहीशीं झालीं. त्यामुळें सभेनें काय ठरविलें तें आपणांस ठाऊक आहे. तें कितपत पाळलें गेलें तें कळण्यास मार्ग उरला नाहीं.

हेंच नुकसान आपल्या डोळ्यांदेखत आजहि होत आहे. आम्ही शिक्षकाच्या नोकरींत असतांना एका तालुक्याच्या गांवीं तेथील नगरपालिकेचीं जुनीं इतिवृत्तें वजनावर विकलीं गेलीं. वाण्याच्या दुकानांत पुड्या बांधण्यास तीं पानें आलेलीं पाहून आम्हीं दोन बाडें परत विकत घेतलीं. त्यांत एका वस्तींतील सार्वजनिक विहीर उपसून साफ करण्याचा विषय सात सभांच्या कामकाजांत आलेला आहे. सातहि वेळां शेरा एकच: ‘पुढील सभेवर तहकूब’. आठव्या सभेच्या कामकाजांत त्याच वस्तींत पटकीचा उपद्रव सुरू झाल्याची नोंद असून औषधांच्या खर्चास मंजुरी दिली आहे. कोणाचें नांव नाहीं, कोणावर दोषारोप नाहीं. पुढें विहीर साफ झाली कीं नाहीं, किती माणसें दगावलीं, कोणी जाब विचारला कीं नाहीं, हें पुढच्या बाडांत असणार. आणि तें बाड केव्हांच पुड्यांच्या रूपानें गांवभर वांटलें गेलें होतें.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति इतकीच कीं, शिक्क्याच्या कागदाबरोबर बिनशिक्क्याचें बाडहि हातचें जाऊं देऊं नये. ठराव मिळाला तर त्याची उपसूचना शोधावी. खर्चाची मंजुरी मिळाली तर तिचा हिशेब शोधावा. तहकुबीचा शेरा दिसला तर पुढच्या सभेचें पान शोधावें. बाड आहे त्याच क्रमानें ठेवावें, निवडक पानें फाडून घेऊं नयेत. उत्तरमेरूरच्या सभेनें हिशेब न देणाऱ्यास अपात्रांच्या यादींत पहिलें स्थान दिलें. तो हिशेब रद्दींत घालणाऱ्यास तिनें कितवें स्थान दिलें असतें, याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.